माईंच्या मापाची खिडकी

गाडीच्या छताला भोक पाडायला अक्कल लागत नाही, करवत पुरते. पण ते भोक पाऊस, धूळ आणि सरती वर्षं यांच्यापुढं टिकवायचं म्हटलं की भल्याभल्या पत्रेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आता तुम्ही म्हणाल, शिरूरसारख्या ठिकाणी छताला खिडकी असलेली गाडी आली कुठून? आली. एकच आली. आणि तिच्यापायी आम्ही आमची तोवरची सगळी कारागिरी पणाला लावली.

या अंकाच्या संपादकांनी धंद्याबद्दल लिहायला सांगितलं, पण मी लिहिणारा माणूस नव्हे. सातवीत शाळा सुटली. त्यानंतर पेन धरलं ते गाडीचे नंबर लिहून घेण्यापुरतं. कुणीतरी मागून येऊन लाल रेघ मारेल, ही भीती अजून जात नाही. पण ज्यांनी मला उभं केलं त्यांच्याविषयी कुठंतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मी मूळचा किनवटकडचा. काम शोधायला पुण्याला निघालो होतो. दौंडला गाडी थांबली आणि डब्यात कुणीतरी म्हणालं, इंजिन काढलं. इंजिन काढलं म्हणजे गाडी संपली, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी ट्रंक घेऊन उतरलो. त्या काळी दौंडला इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलट्या तोंडानं पुण्याकडं जाई, हे मला कोण सांगणार? माझ्या डोळ्यांदेखत माझीच गाडी निघून गेली. पाहुण्याला सोडायला आलेले एक दाढीवाले गृहस्थ बाकावर बसून हे सगळं बघत होते.

"कुठं जायचं व्हतं?"

"पुण्याला."

"तिथं काय काम करणार?"

"मिळेल ते."

"मिळेल तेच करायचं तर पुणंच कशाला पायजे?"

हे बशीरचाचा. शिरूरला नगर रोडवर त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. त्या दिवशी त्यांच्यामागं गेलो तो तिथलाच झालो. चाचींनी पहिल्या रात्री वाढलेल्या भाकरीपासून माझा संसार सुरू झाला असं मी धरतो. माझं नाव त्यांना नीट माहीत होतं, पण अख्ख्या गॅरेजात मला 'किनवट' म्हणूनच हाक मारत.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो. चेपलेला पत्रा सरळ करायचा, सडलेला कापायचा, नवा जोडायचा, आणि वरून असा रंग द्यायचा की इथं काही झालं होतं हे मालकालाही आठवू नये. म्हणजे काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरतात, बाहेरून हातोडी मारतात. दोन्हींच्या मधे पत्रा काय म्हणतो ते हाताला कळावं लागतं. मला ते कळायला फार वर्षं लागली आणि तोवर रोज वाटायचं, आज चाचा म्हणणार, बाबा, तुझी ट्रंक उचल. ते कधीच म्हणाले नाहीत. पण माझी भीती काही गेली नाही. गॅसचा नळ बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत यायचो.

गिऱ्हाईक म्हणजे वडापच्या, शिटा भरून धावणाऱ्या जीपा, दुधाचे टेंपो, कांद्याचे ट्रक. मांडवगण फराट्याचे एक आबा होते, पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, आता बागायतदार. जीपच्या मागच्या दाराला त्यांनी खालून हातभर उंचीची जाळी लावून घेतली होती. का, तर कोकराला बाहेर बघता आलं पाहिजे, न्हाईतर ते वरडतं. माणसांसाठी त्यांनी काही मागितलं नाही. असल्या गिऱ्हाइकांत आमचे दिवस मजेत जायचे.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर एक दिवस आप्पा आले. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं.

बसकी, लांब नाकाची, दोन दारांची विलायती स्पोर्ट्स कार. कधीकाळी लाल असावी. छतावर गोणपाट टाकून ते दोरीनं दारांतून आवळून बांधलेलं. वडापवाले गोळा झाले. एक जण म्हणाला, "आप्पा, हिच्यात बसायचं का निजायचं?"

"निजायचंच हाय," आप्पा म्हणाले, आणि हसले नाहीत.

आप्पा दौंडचे. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. पुढं सांगायचे, "जन्मभर रुळावरनं गेलो. वळायचं कुठं, ते दुसऱ्यानंच ठरवलेलं. म्हनून म्हनलं, एकदा आपल्या हातात स्टेरिंग पायजे." मुंबईतल्या कुठल्याशा बंगल्यात धूळ खात पडलेली ही गाडी त्यांनी जवानीत घेतली. इंजिनातून डोकं बाहेर काढायची सवय, छताखाली घुसमट व्हायची, म्हणून तिथल्याच एका कारागिराकडून छत कापून वर उघडणारी काच बसवली. जुन्या गाड्यांचा नाद असलेले लोक ती बघायला यायचे, छताकडं बघून कपाळावर हात मारायचे. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं: "डोकं माझं, छत माझं."

गोणपाट काढल्यावर चाचांनीही कपाळाला हात लावला, पण कारण वेगळं होतं. काचेला कोपऱ्यात तडा होता. चौकटीभोवतीचा पत्रा आतून इतका सडला होता की बोट दाबलं तर पापडासारखा मोडायचा.

इथं जरा समजावून सांगायला हवं. कारखान्यातून छताची खिडकी बसून आलेली असली, तर तिच्या भोवती पन्हळ असते, आत आलेलं पाणी नळीवाटे खाली जातं. मागाहून बसवलेल्या खिडकीला यातलं काही नाही. भोक, भोकावर चौकट, चौकटीवर झाकण. पाणी आणि माणूस यांच्यामधे फक्त एक रबर. ते रबर वाळलं की चौकटीखाली ओल राहते, आणि पत्रा दिसेनासा खंगत जातो.

चाचा म्हणाले, "आप्पा, माझं ऐका. बुजवून टाकू. पत्रा मारतो, रंग मारतो, कुणाला कळायचं न्हाई."

"पोरगा बी तेच म्हनतो. बुजवायचं असतं तर दौंडात पत्रेवाले न्हाईत व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पत्नी, माई, माळ्याच्या शिडीवरून पडल्या होत्या. मणक्याला मार बसला. हात हलायचे, बोलणं-चालणं ठणठणीत, म्हणजे बोलणं ठणठणीत. बसता येत नव्हतं, कायम उताणं पडून. या गाडीची डावी सीट मागं पार आडवी होते. मागचा बाक आप्पांनी काढून टाकला होता. दार लांबलचक, गाडी बुटकी, त्यामुळं खाटेवरून माईंना अलगद आत सरकवता यायचं. घराबाहेर पडायची ती एकच वाट होती.

"ॲम्ब्युलन्स आणली व्हती मागं. दारातनंच परत लावली तिनं. म्हनली, माहेरच्या दारात मी त्या पांढऱ्या गाडीतनं गेले तर दादा हाय खाईल. निजून जाईन, पण आजारी म्हनून न्हाई जायची."

माहेर केंदूरचं. तिथं त्यांचा थोरला भाऊ होता, त्याचा खुबा मोडलेला, त्याला गाव सोडून कुठं हलता यायचं नाही. माई पडल्यापासून बहीण-भावाची भेट नव्हती. मधल्या भाऊबिजा तशाच गेल्या होत्या.

"यंदाची हुकली तर पुढच्या साली दोघंबी असतील का, कुनी सांगावं?" आप्पा म्हणाले. "पन ही काच तिच्या अंगावर अशी लडबडती. पडली म्हंजी? आन् वरनं परतीचा पाऊस. तिला तोंड फिरवता येत न्हाई, चाचा."

चाचा गाडीभोवती एक फेरी मारून आले. "भाऊबिजेला केंदूर," म्हणाले, आणि मला म्हणाले, "किनवट, ओळंबा घे. दौंडला जायचंय."

ओळंबा गवंड्याचा. पत्र्याच्या कामात त्याचं काय काम, मला कळेना. चाचांचा हिशेब असा होता: सडलेला पत्रा कापायचाच आहे, नवा जोडायचाच आहे, तर मग भोक जिथं होतं तिथंच कशाला? ते आप्पांच्या डोक्याच्या मापानं पाडलेलं. आता त्यातून बघणारं माणूस दुसरं आहे.

दौंडला रेल्वे कॉलनीमागं आप्पांचं घर. शेजारच्या बायांनी आणि आम्ही मिळून माईंना चादरीसकट सीटवर घेतलं. लहानखुरी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे सारखे हसरे. तडा गेलेली काच काढलेली, छत उघडंच होतं. चाचा वरून, मी आत वाकून.

"माई, आता काय दिसतंय?" चाचांनी विचारलं.

"आभाळ दिसतंय, पन पायाकडचं. झाड माझ्यावर येतं नं, तवाच नेमकं छताआड जातं. घरात पंखा हाय, तो तरी डोक्यावर हाय. त्याच्या एका पात्याला डाग हाय. तेवढं पाठ झालंय मला."

मी छताला आतून दोरा लावून ओळंबा माईंच्या कपाळावर सोडला. लोखंडी टोक भुवयांच्या मधे झुलत होतं.

"थरथरतूस का रं?"

"टोक डोळ्यात जाईल म्हणून."

"डोळे मिटायला येत्यात मला. तेवढं चालू हाय," माई म्हणाल्या. बाहेर शेजारणी हसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आई हाय का तुला?"

"आहे. किनवटला."

"तिच्या अंगनातनं काय दिसतं?"

डोंगर दिसतो हे आठवत होतं, पण तो कुठल्या बाजूला, ते आठवेना. मी खडूनं छतावर खूण केली आणि दुसरीकडं बघितलं. माईंनी आप्पांना सांगून मला लाडू द्यायला लावला, आणि तो त्यांच्यासमोरच खायला लावला.

खूण आली ती जुन्या भोकाच्या चांगली मागं. छताच्या आत एक आडवी पट्टी असते, छताचा कणाच म्हणा. ती कापली तर छत ढेपाळतं. नव्या भोकाची मागची कड त्या पट्टीच्या बोटभर अलीकडं येत होती. चाचांनी वर बघून अल्लाचे आभार मानले.

कापायचा दिवस आला तेव्हा मी सकाळपासून जेवलो नाही. छताचा पत्रा पातळ, त्याला थोडी जास्त आच लागली की तो ताणतो आणि डब्यासारखा टणटण वाजायला लागतो. म्हणून एक टाका इकडं, एक पार तिकडं, मधे ओलं गोणपाट ठेवायचं, पत्रा निवू द्यायचा. गोधडीला धावदोरा घालायच्या आधी बाया चार कोपऱ्यांना टाके घालतात ना, तसं. वडापवाले बाहेरून ओरडायचे, "चाचा, जीप कवा व्हनार?" चाचा आतून म्हणायचे, "भाऊबीज झाल्यावर. बहीण असंल तर तिच्याकडं जाऊन या तवर."

काच पुण्याहून आणली. असली काच आधी कापून मग भट्टीत कडक करतात. कडक झाल्यावर तिला कानस लावली तर तिचा साबुदाणा होतो. म्हणून पुठ्ठ्याचं माप मी तीनदा ताडून बघितलं, बसमध्ये परत बघितलं. काच चौकटीत बसली तेव्हा कुठं मी श्वास सोडला. रबर चाचांनी स्वतः बसवलं. तीस वर्षं बसबॉडीच्या खिडक्या बसवलेले हात, रबर त्यांच्या बोटांतून आपोआप वळायचं.

पाणी मारून बघितलं. आतल्या कडेला गिरणीतलं झाडलेलं पीठ भुरभुरवायचं आणि वरून पाणी सोडायचं, ही आमची जुनी रीत. थेंब आला की पिठात वाट दिसते. कुठंच दिसली नाही. चाचा खूश झाले. दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी दौंडला नेली.

माईंना आत निजवलं. छतात बरोबर त्यांच्या डोळ्यांवर कडुनिंबाची फांदी आली. त्या डोळ्यांनीच सगळ्या फांदीवरून फिरून आल्या. मग म्हणाल्या, "पान न् पान दिसतंय की."

आप्पांना मात्र खात्री हवी होती. त्यांनी बागेची झारी आणली आणि वरून धार धरली. शिरूरला आमची गाडी सपाट जागेवर उभी असायची. इथं अंगणाला उतार होता, गाडीचं नाक वर. पहिली झारी संपली, काही नाही. दुसरी संपायच्या आत टप् करून एक थेंब माईंच्या कपाळावर पडला. मग दुसरा. कुंकू ओघळायला लागलं.

आप्पांच्या हातातून झारी पडली. चाचांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. माई खुदकन हसल्या. "महादेवाच्या पिंडीवानी अभिषेक चाललाय माझ्यावर. थांबवा की आता." आणि मग म्हणाल्या, "चाचा, पानी डोक्याकडनं येतंय. पायाकडनं न्हाई. मागल्या कडेला मधोमध हाय."

मागल्या कडेला मधोमध रबराचा सांधा होता.

बसच्या खिडकीला रबराचा सांधा कायम खालच्या बाजूला ठेवतात. आत शिरलेलं पाणी खालून निघून जावं म्हणून. तो नियम चाचांच्या बोटांत इतका मुरला होता की इथंही त्यांनी सांधा खालच्या, म्हणजे उताराच्या बाजूला ठेवला. पण ही खिडकी उभी नव्हती, आडवी होती. इथं खालच्या बाजूला पाणी साचून राहतं, आणि सांध्याखाली बाहेर नसतं, माणूस असतं. मीही तेच केलं असतं. शिरूरातल्या कुणीही तेच केलं असतं.

चाचांनी ओल्या छतावर कपाळ टेकवलं. "माई, माफी करा."

"माफी कशाची? फिरवा न् लावा. रबरच हाय, नशीब न्हाई."

तिथंच, आप्पांच्या अंगणात, रबर काढून पुसून उलटं फिरवलं. सांधा पुढं, सगळ्यांत उंच जागी नेला. मागची कड अखंड झाली. माई आतच पडून होत्या. बाहेर काढतो म्हटलं तर नको म्हणाल्या. काच काढलेली होती, त्यांना मोकळं आभाळ दिसत होतं. मधूनच सांगायच्या, "बगळे गेले बघा." आम्ही मान वर करेपर्यंत ते गेलेले असायचे. पुन्हा झारी धरली, गाडी नाक वर, नाक खाली, दोन्हीकडून. पीठ कोरडं राहिलं. तरी चाचा शेवटी स्वतः तिथं निजले आणि मला म्हणाले, "ओत." मी बादलीच ओतली. त्यांची टोपी कोरडी निघाली तेव्हाच त्यांनी चहा घेतला.

भाऊबिजेला आम्ही दोघं जीप घेऊन त्यांच्यामागं निघालो. वाटेत काही झालं तर, असं चाचा म्हणाले. केडगाव, चौफुला, न्हावरा, पुढं शिक्रापूर. आप्पा इतक्या हळू चालवत होते की सायकलवाले मागं वळून बघत होते. नंतर आप्पा सांगत होते, माई वाटभर झाडं बोलत होत्या. वड आला, वड गेला, करंज, आता तारा, तारांवर कोतवाल पक्षी. न्हावऱ्यापुढं पावसाची एक सर आली. आप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि मागं बघितलं. माई काचेवर फुटणारे थेंब बघत होत्या. हाताच्या इशाऱ्यानं म्हणाल्या, चला.

केंदूरला पोचलो तोवर पाऊस सरला होता. घरासमोर दगडी ओटा, त्यावर चिंच. दादा काठी टेकून ओट्यावर उभेच होते. पोरांनी खाट आणायला धाव घेतली, पण अडचण वेगळीच निघाली. गाडी इतकी बुटकी की दादांना दारातून वाकून आत बघता येईना. खुब्यामुळं त्यांना खाली बसता येत नव्हतं, आधाराशिवाय फार वाकताही येत नव्हतं. आणि माईंना प्रवासानं कळ लागली होती, लगेच बाहेर काढायला नको म्हणाल्या. भाऊ बाहेर, बहीण आत, मधे दोन हातांचं अंतर, आणि दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना.

चाचांनी मला खूण केली. आप्पांनी गाडी ओट्याला खेटून लावली. मी मागची कडी सोडली, बिजागरीतून काच अख्खी उचलून काढली. ओट्यावरून छत दादांच्या कमरेच्या जरा खाली आलं. दादांनी दोन्ही हात छताच्या कडेवर टेकले, कमरेतून वाकले आणि खिडकीतून खाली बघितलं.

"बारीक झालीस गं."

"तुमी काय जाड झालाय व्हय? दात कुठं ठेवलं?"

"हायेत की घरात. खिशात घालून हिंडू?"

मग निरांजन आलं. ताट आत मावेना, तेव्हा आप्पांनी माईंच्या कोपराखाली हात दिला आणि एकटं निरांजन त्यांच्या हातात ठेवलं. माझा जीव छताला आतून लावलेल्या नव्या कापडात अडकलेला, ते पेटलं तर. चाचांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. माईंनी हात वर नेला आणि दादांची टोपी खिडकीतून सुटून त्यांच्या छातीवर पडली. पोरं हसली. टोपी वर दिली, घातली, वाकल्यावर पुन्हा पडली.

"उघड्या डोक्यानं ओवाळायचं न्हाई," माई म्हणाल्या. "धरून ठेवा की."

"हात सोडला तर मीच येईन की तुझ्या अंगावर."

चाचा ओट्यावर दादांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी आपला तळहात उताणा करून एकदा बघितला. रंगाचे डाग कधीच न जाणारा हात तो. पँटला पुसला आणि दादांच्या डोक्यावर ठेवला.

माईंनी ओवाळलं. उजेड छताच्या कडेवरून फिरला, दादांच्या हनुवटीवरून फिरला. निरांजन खाली आलं, आप्पांनी ते घेतलं. चाचांनी दुसऱ्या हातानं दंड धरला, तेव्हा दादांनी खिशातून साखरेची पुडी काढून माईंच्या तोंडात चिमूट घातली. चाचांचा डोक्यावरचा हात होता तिथंच होता.

"झालं, चाचा. घ्या हात," दादा वाकलेलेच म्हणाले.

"असू द्या दादा," चाचा म्हणाले. "ऊन हाय."

ओट्यावर सगळी चिंचेची सावली होती.